पाटी रंगवण्याआधी

प्रिय मित्रा,

सांगलीतल्या तुझ्या चहा-नाश्त्याच्या दुकानावर ‘सगळं इथलंच’ अशी पाटी लावणार म्हणतोस. लाव, पण गिऱ्हाइकाने “कुठलं?” विचारलं तर गाव आणि हंगाम दोन्ही सांगता यायला हवेत. जवळचा माल आपोआप चांगला नसतो. तो गाडी काढून, जाऊन बघता येतो, हा त्याचा खरा फायदा.

पहिली तक्रार चहाची येईल. गुळाचा चहा फुटतो आणि बोलणी दूधवाला खातो. गुळात आंबटपणा आणि क्षार असतात, त्यामुळे दुधात गूळ घालून उकळलं की ते नासतं. पाणी, चहापत्ती, आलं आणि गूळ एकत्र उकळ, गाळ, भांडं खाली उतरव आणि वेगळं तापवलेलं दूध त्यात ओत. पुन्हा उकळी आणू नकोस.

गूळ घेताना पिवळ्याधमक ढेपेला भुलू नकोस. तो रंग बहुतेकदा हायड्रोसचा, म्हणजे गूळ उजळवायला घालतात त्या रसायनाचा असतो. पण काळपट म्हणजे शुद्ध, असंही नाही, काहिलीत करपलेला गूळही काळाच दिसतो. चाखून बघ. खारट लागला तर ऊस क्षारपड रानातला असू शकतो, आणि कृष्णाकाठी अशी रानं कमी नाहीत. ढेप मऊ, चिकट असेल तर तोडलेला ऊस गाळपाआधी दोन-तीन दिवस पडून राहिला असावा. त्यातली साखर मोडते आणि गूळ घट्ट बसत नाही. गुऱ्हाळावर गेलास तर रसाची मळी काढायला भेंडीचं चिकट पाणी वापरतात की रासायनिक पावडर, एवढं बघून ये. पावसाळ्यात गूळ पाझरतो, म्हणून तेव्हा साठा थोडाच ठेव.

शिऱ्यावर घालायला बेदाणा लागेल. सांगलीच्या बेदाण्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण नावावर डोळे मिटून घेऊ नकोस. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. लवकर वाळावेत म्हणून घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल नावाच्या तेलाच्या पाण्यात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर पसरतात. दोन-तीन आठवड्यांत वाळतात. मध्येच अवकाळी पाऊस आला की माल काळा पडतो. हिरवा बेदाणा सावलीत वाळवलेला, तर चकचकीत पिवळ्याला बहुधा गंधकाची धुरी दिलेली असते. मूठ दाबून सोड, गोळा तसाच राहिला तर ओल जास्त आहे. दिवाळीत मिळतो तो शीतगृहातला, त्यात फसवणूक काही नाही. मात्र बाहेर काढल्यावर रंग उतरतो, तेव्हा पंधरा दिवसांपुरताच घे.

उसळीला सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावचा वाघ्या घेवडा, म्हणजे पट्टेदार राजमा घे. रात्रभर भिजव आणि पुरता शिजेपर्यंत चिंच, टोमॅटो घालू नकोस, आंबटाने तो दडस राहतो. जुना घेवडा तासभर उकळूनही आतून कच्चा लागतो, म्हणून आधी मूठभर शिजवून बघ.

हळद घेताना हळकुंड मोडून बघ, मोडलं की कट्‌ आवाज यावा आणि आत नारिंगी दिसावं. दळून महिन्याभराचीच ठेव.

चहापत्ती मात्र आसामची आहे, ती पाटीतून वगळ.

आणि पाटी मार्चमध्ये रंगव. तेव्हा नवी हळद सौद्याला आलेली असते आणि बेदाणा शेडवरून उतरत असतो.