जॉन पर्सेल हे आयरिश पाद्री सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेत, एवढे नावाजलेले शिक्षक, मग शेवटी त्यांचं दिवाळं कसं निघालं?

'भावाने बुडवलं' असं सांगून लोक मोकळे होतात. मला ते झोंबतं, कारण आमच्या घरातला तो 'भाऊ' म्हणजे माझे वडील.

पर्सेल कॉर्क परगण्यातल्या मॅलोचे. १८१८ मध्ये अठराव्या वर्षी अमेरिका गाठली, शिकवण्या केल्या, एमिट्सबर्गच्या माउंट सेंट मेरीज सेमिनरीत शिकले, १८२६ मध्ये पॅरिसला दीक्षा घेतली. परत येऊन तिथेच शिकवलं, प्रमुखही झाले. १८३३ पासून अमेरिकेतल्याच सिनसिनाटी शहराचे बिशप. १८३७ मध्ये बँका कोसळल्यावर गोरगरीब जर्मन-आयरिश लोक आपली शिल्लक चर्चकडे ठेवू लागले. हिशेब धाकटे बंधू फादर एडवर्ड बघायचे. पैसा चर्च, शाळा बांधण्यात गेला, व्याज चढत राहिलं. १८७८ मध्ये लोक ठेवी मागायला दारात आले, तेव्हा देणं निघालं चाळीस लाख डॉलरच्या घरात.

आमचे काका हेडमास्तर. आळीतली भिशी त्यांच्या शब्दावर चालायची, वही मात्र बाबांकडे. कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाचा पंप जळला, देवळाचा कळस. काका चिठ्ठी पाठवायचे, 'याला दे.' थोरल्या भावाला नाही म्हणायची आमच्या घरात कुणाची टाप नव्हती. भिशी बुडाली तेव्हा काका 'भोळे' ठरले आणि बाबांनी 'खाल्ले'. आईच्या पाटल्या मोडून बाबांनी अकरा जणांचे पैसे फेडले, ते कुणाला आठवत नाही. काकांच्या तेराव्याला मात्र आळीभर पंगत.

म्हणून म्हणतो, ज्याच्या नावावर लोक चाळीस वर्षं पैसे ठेवतात, त्याने वही मागून बघायला नको? सेमिनरीत तुम्ही कितीही उत्तम शिकवा.

आता दुसऱ्या सेमिनरीचं ऐका. सिनसिनाटीतली त्यांची सेमिनरी या धक्क्याने १८७९ मध्ये बंद पडली, ती १८८७ मध्ये पुन्हा उघडली. एडवर्ड १८८१ मध्ये गेले, जॉन १८८३ मध्ये, अर्सुलाइन सिस्टर्सच्या मठात. दावे त्यानंतरही चालूच.

हां, पर्सेलनी तो पैसा चैनीत उडवला नव्हता. आणि भिशीतून उसने द्यायचे नसतात हे बाबांनाही कळत होतं, तरी दिलेच त्यांनी.

लाल वही माझ्या कपाटात आहे, काकांच्या सोळा चिठ्ठ्या टाचणीसकट. चुलतभाऊ हे वाचत असेल तर त्याने येऊन बघाव्यात. बापाचं अक्षर ओळखेल तो.