ढोलीतून पडलेले पोपटाचे पिल्लू: सुरुवातीला एवढे सांभाळा

पडलेली पिल्ले वाचवण्याच्या कामात आपण उतरत आहात याचा मनापासून आनंद वाटला. मात्र पिल्लू उचलण्याआधी ते नीट पाहायला शिकावे. आपल्या शहरांत कंठवाला पोपट साधारणतः जानेवारी ते एप्रिल या काळात झाडांच्या ढोलीत किंवा जुन्या भिंतींच्या भोकांत पिल्ले वाढवतो. पूर्ण पिसे आलेले, बोट घट्ट धरणारे पिल्लू बहुधा उडायला शिकत असते. त्याला जवळच्या फांदीवर ठेवून दुरून लक्ष ठेवावे, कारण माणसाचा हात लागला म्हणून आईबाप त्याला टाकत नाहीत.

उघडेबोडके पिल्लू मिळाले, तर आधी ऊब द्यावी. भोके पाडलेले खोके, सुती फडके आणि कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली तेवढ्यापुरती पुरते. गारठलेल्या पिल्लाला अन्न पचत नाही, म्हणून भरवण्याची घाई नको. ते तंत्र पुढे जाणकारांच्या हाताखाली शिकता येईल.

नवख्यांच्या हमखास होणाऱ्या चुका:

- चोचीत पाणी ओतणे. ते श्वासनलिकेत जाते. मी पहिल्याच वर्षी एक पिल्लू असे गमावले आणि त्याची ती धाप अजूनही आठवते.
- दूधपाव भरवणे.
- लळा लागला म्हणून ठेवून घेणे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार तो गुन्हा आहे. महाराष्ट्रात असाल, तर त्याच दिवशी वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.