साताऱ्यात, एसी नसलेल्या खोलीत, एअर कूलरवर प्रोसेसर ओव्हरक्लॉक करावा का?

तुमच्याकडे एएमडीचा रायझेन ५ ५६००एक्स प्रोसेसर आहे, चांगला टॉवर एअर कूलर आहे, खोलीत एसी नाही. ओव्हरक्लॉक, म्हणजे कंपनीनं ठरवलेल्या वेगापेक्षा जोरात पळवायचं, तर मित्र म्हणतो, "आपल्याकडच्या उन्हाळ्यात एअरवर केलंस तर प्रोसेसर जळेल, आधी लिक्विड कूलर घे." हे 'जळेल' मी २०१२ पासून आमच्याच घरात ऐकतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी हे बघा की प्रोसेसर नुसता तापून जळत नाही. तुमच्या ५६००एक्सची मर्यादा ९५ अंश आहे. तिथं पोचला की तो आपण होऊन क्लॉक, म्हणजे वेग, उतरवतो, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर मशीन बंद होतं. प्रोसेसरला मारतं ते वाढवून ठेवलेलं व्होल्टेज. आणि अख्ख्या मशीनला मारतो हलका एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा. यातली दुसरी गोष्ट मी स्वतः बघितली आहे.

सांगलीत मार्केट यार्डाजवळ आमचा लग्नाच्या व्हिडिओ एडिटिंगचा गाळा होता. पैसे थोरल्या भावाचे, काम माझं. २०११ मध्ये इंटेलचा आय५ २५००के आला. चार कोअर, बेस ३.३ गिगाहर्ट्झ, चारही कोअर कामाला लागले की ३.४. मल्टिप्लायर, म्हणजे क्लॉक ठरवणारा गुणक, मोकळा. दादाच्या मागं लागून तो घेतला, त्याच्यासाठी पी६७ चिपसेटचा बोर्ड घेतला, आणि १२० मिलिमीटर फॅनचा, चार हीटपाइपचा टॉवर कूलर पुण्याहून मागवला. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये, मल्टिप्लायर ४४ केला, म्हणजे ४.४ गिगाहर्ट्झ, व्होल्टेज हातानं १.३२ वर बांधलं. बोर्डाच्या 'ऑटो'वर सोडलं तर तो गरज नसताना चढवतो, हे तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे. प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारं प्राइम९५ रात्रभर चालवून बघितलं, एकही एरर नाही. पाच तासांचं रेंडर चार तासांत व्हायला लागलं. लग्नसराईत हा एक तास म्हणजे दिवसाला एक गिऱ्हाईक जास्त. हौस म्हणून केलं असं ज्यांना वाटतं, त्यांनी कधी दारात बसलेल्या नवऱ्या मुलाच्या मामाला "अजून दोन तास लागतील" म्हणून सांगून बघावं.

क्लॉक २९ टक्के वाढलं, पण उष्णता तेवढ्यावर थांबत नाही. ती व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. माझं व्होल्टेज मूळच्या साधारण १.२ वरून १.३२ वर गेलं होतं. त्याचा वर्ग १.२१ पट, गुणिले क्लॉक १.२९ पट, म्हणजे दीडपटीहून जास्त वॉट त्याच तेवढ्याशा चकतीतून बाहेर काढायचे. तरी कूलर पुरून उरला. पूर्ण लोडवर प्रोसेसर खोलीतल्या हवेपेक्षा ४५ अंश वर राहायचा. जानेवारीत खोली २५, प्रोसेसर ७०. मे महिन्यात पत्र्याखाली खोली ४०, प्रोसेसर ८५. मधलं अंतर तेच. तुमच्या मित्राला हेच समजावून सांगा. लिक्विड कूलरसुद्धा शेवटी रेडिएटरमधून त्याच खोलीतल्या हवेत उष्णता टाकतो. खोली ४० अंश असेल तर कुठलाही फॅन किंवा पंप तुम्हाला ३५ देणार नाही. ६५ वॉटच्या प्रोसेसरसाठी लिक्विडवर पैसे घालणं मला साफ चुकीचं वाटतं.

एकदा मात्र तापमान चढलं होतं, मार्चमध्ये. ऊन अजून तापलेलंही नव्हतं आणि प्रोसेसर ९० च्या पुढं. कूलर उतरवून बघितला तर फिन्समध्ये पिवळा थर. यार्डात हळदीचे सौदे चालू होते, समोर हळद पॉलिश करणारं मशीन दिवसभर फिरायचं, आणि ती धूळ इतकी बारीक की नुसत्या फुंकरीनं निघेना. ब्रश मारला, ब्लोअर मारला, पेस्ट बदलली, आणि आईच्या जुन्या नायलॉन साडीचा तुकडा कॅबिनेटच्या पुढच्या जाळीला आतून ताणून लावला. दुसऱ्या दिवशी १२ अंश कमी. एवढा फरक कुठलाही महागडा कूलर देत नाही. दर रविवारी तो तुकडा धुवायचा, बस्स.

मग मे २०१२. भरदुपारी रेंडर चालू, लाईट गेली, इन्व्हर्टरवर मशीन तगलं. लाईट परत आली तेव्हा फट्ट आवाज, जळका वास, सगळं बंद. दुरुस्तीवाल्यानं मशीन उघडायच्या आधीच विचारलं, "ओव्हरक्लॉक केलंवतं काय? मग गेला प्रोसेसर." दादा शेजारीच उभा होता. त्या दिवसापासून घरातल्या प्रत्येक कार्यात कुणीतरी कॉम्प्युटरचा विषय काढतं आणि दादा म्हणतो, "ह्यानं जोरात पळवून पळवून मशीन जाळलं."

मी त्याच रात्री एसएमपीएस खोलला. आतले कॅपॅसिटर फुगलेले, एकाचं डोकं फाटलेलं. लेबलवर ५०० वॉट, हातात घेतला तर डबा वजनाला चिपाडासारखा. जाताना तो मदरबोर्डाला घेऊन गेला. चांगल्या एसएमपीएससाठी मी दोन हजार जास्त मागितले होते, तेव्हा "डब्ब्याला एवढं पैसं कशाला" हे शब्द दादाचे होते. प्रोसेसर मित्राच्या बोर्डावर लावून बघितला, पहिल्या झटक्यात बूट. पुढं जुना एच६१ बोर्ड मिळाला, त्यावर तो मूळ क्लॉकनं बसवला. तोच २५००के आज दादाच्या दुकानात काउंटरवर बिलं काढतोय. ज्या प्रोसेसरला मी जाळलं असं तो सांगतो, त्याच्यावरच त्याचा हिशेब चालतो. हे त्याला दोनदा दाखवून झालं.

आता तुमचं. ५६००एक्सवर सगळ्या कोअरना एकच फिक्स क्लॉक लावू नका. तो एका कोअरवर आपण होऊन ४.६ पर्यंत जातो, फिक्स केलात की ते हातचं जातं. २५००केच्या काळात प्रोसेसरमध्ये एक गिगाहर्ट्झ लपलेला असायचा, आता कंपनी तो आधीच काढून घेते. बायोसमध्ये पीबीओ, म्हणजे एएमडीचं आपण होऊन क्लॉक वाढवणारं सेटिंग, चालू करा आणि व्होल्टेज कमी करणारं कर्व्ह ऑप्टिमायझर निगेटिव्ह १० पासून सुरू करा. व्होल्टेज कमी लागतं, म्हणून त्याच उष्णतेत क्लॉक वर टिकतो. मशीन रिकामं बसलेलं असताना अचानक रीस्टार्ट झालं तर निगेटिव्ह आकडा शून्याकडे आणा, कारण यातली अस्थिरता लोडपेक्षा हलक्या कामात आधी दिसते. फिक्स व्होल्टेजचा नाद अजिबात नको.

एक मान्य करतो. ते वाढलेले वॉट मीच त्या एसएमपीएसवर टाकले होते. ओव्हरक्लॉक नसतं तर तो कदाचित आणखी एक लग्नसराई तगला असता. पण फुगलेले कॅपॅसिटर एका दुपारी फुगत नाहीत. म्हणून तुमच्या एसएमपीएसचं मॉडेल आधी बघा, कूलरचं नंतर. आणि वॉरंटी शिल्लक असेल तर लक्षात ठेवा, पीबीओसुद्धा एएमडी ओव्हरक्लॉकिंगच धरते.

अजून एक राहिलं. तुमच्या कॅबिनेटचा मागचा फॅन हवा बाहेर टाकतो की आत ओढतो, हे एक अगरबत्ती जवळ धरून बघा. टॉवर कूलरचा फॅनही त्याच दिशेनं हवा ढकलत असला पाहिजे. धूर उलटा आत जाताना दिसला तर बायोसला हात लावायच्या आधी फॅन फिरवून बसवा.