रडारच्या ‘चर्प’ला मराठीत काय म्हणावं?

पुण्यात अभियांत्रिकी शिकणाऱ्या एका मुलीने विचारलं आहे: शाळकरी मुलांना रडार मराठीतून समजावून सांगायचं आहे, तर ‘चर्प’ संकेताला (इंग्रजीत chirp म्हणजे पाखराचा चिवचिवाट) ‘किलबिल’ म्हटलं तर चालेल का?

माझ्या मते नाही चालणार. किलबिल पुष्कळ पाखरांची, एकाच वेळची. चिवचिव म्हणजे तोच तुटक सूर पुन्हा पुन्हा. रडारमधला चर्प यातला कुठलाच नव्हे. तो एक सलग संकेत असतो आणि त्याची वारंवारता मध्ये कुठेही न तुटता चढत किंवा उतरत जाते. पाखरांतच शोधायचं तर चैत्रातल्या कोकिळाची वर चढणारी ‘कुऊ’ जवळची. पण याच क्रियेसाठी आपल्याकडे नेमका शब्द आहे: मींड. एका सुरावरून दुसऱ्या सुरावर न तुटता घसरत जाणं. डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाला गेलेल्या मुलांना तो वेगळा शिकवावाही लागणार नाही.

रडारला ही मींड लागते कशासाठी, हे पाहिलं की शब्द आणखी पटतो. लांबचं विमान दिसायला संकेतात भरपूर ऊर्जा हवी, म्हणजे तो लांबलचक हवा. पण एकाच सुरातला 100 मायक्रोसेकंदांचा संकेत सोडला, तर एकमेकांपासून 15 किलोमीटरच्या आत असलेली दोन विमानं एकमेकांत मिसळतात. त्याच 100 मायक्रोसेकंदांत वारंवारता 1 मेगाहर्ट्झने चढवत नेली, की परतलेला संकेत दाबून 1 मायक्रोसेकंदाएवढा टोकदार करता येतो आणि एकमेकांपासून 150 मीटर अंतरावरची विमानंही वेगळी दिसतात. कुठला सूर कधी आला हे ठाऊक असल्यामुळेच हे साधतं.

एक आक्षेप रास्त आहे. 10 गिगाहर्ट्झच्या रडारमध्ये 1 मेगाहर्ट्झचा चढ म्हणजे दहा हजारांतला एक भाग, एका श्रुतीच्या शंभराव्या हिश्शाएवढाही नाही. कानाला अशी मींड कळणारच नाही. तरी नाव क्रियेला द्यायचं असतं, पल्ल्याला नाही.

मला हा शब्द सर्वांत आवडतो तो त्याच्यासोबत आरोह-अवरोह येतात म्हणून, आणि ते इथे कामाला येतात. समोरून सेकंदाला 300 मीटर वेगाने येणाऱ्या विमानावर वर सांगितलेली 10 गिगाहर्ट्झच्या रडारची चढती मींड सोडली, तर विमानाच्या वेगामुळे परतलेला सूर थोडा चढा येतो, रडारला तो लवकर आल्यासारखा वाटतो आणि विमान 300 मीटर जवळ दिसतं. म्हणजे एका सेकंदानंतर ते जिथे असेल तिथे! उतरत्या मींडेने तेच विमान तेवढंच लांब दिसतं. दोन्ही ताडून पाहिलं की अंतर आणि वेग दोन्ही हाती लागतात.

हवा बिघडली की तर या आरोह-अवरोहाची फारच गरज पडते. हिवाळ्यात सकाळी पर्वतीवरून पाहिलं तर शहरावर धुराचा थर आडवा पसरलेला दिसतो. खाली थंड हवा, वर उबदार. असा थर पुरेसा तीव्र असला, वर कोरडेपणाही असला, की रडारची किरणं वर निघून न जाता जमिनीच्या वळणाने खूप दूर जातात आणि एरवी न दिसणारे डोंगर प्रतिसाद देऊ लागतात. सेकंदाला 1000 संकेत सोडणाऱ्या रडारची खात्रीची हद्द 150 किलोमीटर. 170 किलोमीटरवरच्या डोंगराचं उत्तर पुढचा संकेत सुटल्यावर पोचतं आणि डोंगर 20 किलोमीटरवर असल्याचा भास होतो. एक संकेत आरोही, पुढचा अवरोही असं आलटून पालटून सोडलं, तर उशिरा आलेलं आरोही उत्तर अवरोही चाळणीत (म्हणजे अवरोही संकेत दाबून टोकदार करण्याच्या व्यवस्थेत) टोकदार होत नाही, पसरून फिकं पडतं. ते नाहीसं होत नाही, हे मात्र मुलांना सांगावं. पावसात किरणांची शक्तीच शोषली जाते, तीन सेंटिमीटरच्या लहरींची तर दहा सेंटिमीटरच्या लहरींपेक्षा पुष्कळ जास्त. त्यावर मींड हा उपाय नाही.

तेव्हा पहिल्यांदा ‘मींड-संकेत, म्हणजेच चर्प’ असं लिहावं आणि पुढे नुसतं ‘आरोही मींड’, ‘अवरोही मींड’. प्रयोगशाळेत सगळे चर्पच म्हणतात, म्हणून तो शब्द मुलांच्या कानावरून गेलेला बरा. शब्द स्त्रीलिंगी, ‘मीं’ दीर्घ.