मांजरी, सोल्डरिंग आणि बायोडेटा

"मुलगी एकटी राहते, मांजरी पाळते, घरभर वायरी पसरलेल्या असतात, तिचे पुढे कसे होणार?" असे विचारत माझ्याकडे समुपदेशनाला येणारे पालक आता बरेच आहेत. त्यांतील एका कुटुंबाची हकीकत, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून, येथे मांडते.

मुलगी ३१ वर्षांची, पुण्यात नोकरी करणारी, आईवडील साताऱ्याचे. घरात दोन मांजरी, थ्रीडी प्रिंटर, सोल्डरिंगचे, म्हणजे धातूची तार वितळवून वायरी जोडण्याचे, टेबल, रविवारी बोर्ड गेम खेळायला येणारे मित्र, आणि ठरल्या वेळी वाटीत खाणे टाकणारे, तिने रास्पबेरी पाय या छोट्याशा संगणकावर स्वतः बनवलेले यंत्र. आईंच्या लेखी हे सगळे लग्न टाळण्याचे बहाणे होते.

छंदांकडे वळण्याआधी मी झोप, नोकरी, पैसा आणि माणसे यांची चौकशी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या, १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात गेमिंगचा, म्हणजे व्हिडिओ गेम खेळण्याचा, विकार नोंदलेला आहे, पण तेथेही केवळ तास मोजून निदान होत नाही. ताबा सुटणे, इतर सर्व बाबी मागे पडणे आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहणे, असे साधारणपणे १२ महिने घडावे लागते. छंद कोणताही असो, मी विचारपूस याच अंगाने करते. येथे नोकरी उत्तम होती, हप्ते वेळेवर जात होते आणि मित्रही होते. झोप मात्र काही महिने मोडली होती, कारण मांजरी पहाटे आणि संध्याकाळी अधिक चपळ असतात आणि भूक लागली की मालकिणीच्या छातीवर येऊन बसतात. पहाटेचे खाणे यंत्राकडे सोपवल्यापासून त्या तिला सोडून यंत्रापुढे बसू लागल्या. आईंचा सर्वांत जास्त राग होता तो याच यंत्रावर!

खरी भीती मुलगी खोलीबाहेर गेल्यावर निघाली: मांजरीचे केस पोटात गेले की मूल राहत नाही म्हणतात. केसांचा याच्याशी काहीही संबंध नाही. टोक्सोप्लाझ्मा नावाचा सूक्ष्म परजीवी मांजरीच्या विष्ठेतून पसरू शकतो आणि गरोदरपणात त्याची लागण प्रथमच झाली तर गर्भाला धोका असतो, हे खरे. परंतु विष्ठेतील परजीवी संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस लागतो, म्हणून लिटर बॉक्स, म्हणजे मांजरीच्या शौचाची पेटी, रोज, आणि गरोदरपणात दुसऱ्या कुणी, साफ करावा. कच्चे मांस आणि न धुतलेली भाजी यांतूनही तोच परजीवी येतो. बाकीचे डॉक्टरांना विचारावे, असे मी सांगितले.

वडील वीज मंडळातून निवृत्त झालेले, तोवर गप्पच होते. मुलगी परत आल्यावर त्यांनी एवढेच विचारले, "सोल्डरमध्ये शिसे असते ना गं? मांजर पंजे चाटते." ती खोली बंद ठेवते आणि बिनशिशाची तार वापरते, हे तिने सांगितले, आणि मग बराच वेळ ती दोघे तारेच्या वितळण्याविषयीच बोलत राहिली. मी मध्ये पडले नाही.

लग्नाला तिचा विरोध नव्हता; मांजरी सोडायला होता. आईंनी लिहिलेल्या बायोडेटात छंद म्हणून 'वाचन, स्वयंपाक' होते, आणि स्वयंपाकाबद्दल मुलीला हसू आवरत नव्हते. त्या जागी मांजरी आणि इलेक्ट्रॉनिक्स लिहायचे ठरले. "स्थळे कमी येतील," आई म्हणाल्या. "येतील," मुलगी म्हणाली, "पण चहाच्या वेळी पुन्हा सगळे समजावून सांगावे लागणार नाही."