मुलाच्या गॅरेजला ऊब द्यायची, पण एफडी किती मोडायची?

फोंड्याहून एका निवृत्त शिक्षकांचं पत्र आलं आहे. मुलगा कॅनडात विनिपेगला असतो. घरामागच्या सुट्या गॅरेजचा काँक्रीटचा कोबा थंडीने उचलून तडकला, म्हणून येत्या उन्हाळ्यात तो फोडून नवा घालायचा आहे. कोब्याचा खर्च मुलगाच करतोय. त्याच कामात गरम पाण्याच्या नळ्या पुरून जमीन तापवायची सोय करून घ्यावी, असं त्याच्या मनात आहे, आणि त्याचे 17,000 कॅनेडियन डॉलर वडिलांना द्यायचे आहेत. डॉलरला 62 रुपये धरून 10 लाख 54 हजार. पैसे 24 लाखांच्या एफडीतून काढायचे. शिवाय 30 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत आहेत, पेन्शन आहे, काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन राहिलं आहे. मुलीचं लग्न होऊन ती मडगावला असते. ‘द्यावेत का?’ एवढंच विचारलंय.

सर, द्या. पण एवढे नकोत.

तुम्ही जोडलेलं कोटेशन मी दोनदा वाचलं. त्यात दोन कामं एकत्र बांधली आहेत. खालचा फोम, नळ्या आणि भिंतीवरचा मॅनिफोल्ड, म्हणजे नळ्यांची तोंडं जिथे जोडतात तो भाग, यांचे 4,500. बॉयलर, पंप, गॅसची लाइन आणि जोडणीचे 12,500. पहिलं काम आता नाही झालं तर पुन्हा होणारच नाही, कारण ते कोब्याच्या पोटात जातं. दुसरं भिंतीवर बसतं. ते पुढच्या वर्षी करा, पाच वर्षांनी करा, काही अडत नाही. म्हणून तुमची भेट 4,500 डॉलरची, म्हणजे 2 लाख 79 हजारांची असू द्या.

यातही सगळ्यात मोलाचा आहे तो फोम. कोब्याखाली दोन इंच जाडीचा टणक फोम आणि कडेने उभा फोम नसेल, तर तापवलेली उष्णता खालच्या मातीत आणि बाहेरच्या बर्फात जाते आणि गॅसचं बिल तेवढं वाढतं. हिशेब वाचवायला कंत्राटदार आधी फोमवरच कात्री चालवतात, तेव्हा मुलाला सांगा की नळ्या एक वेळ कमी चालतील, फोम नाही. गॅरेज 24 बाय 24 फुटांचं आहे. फूटभर अंतराने नळी फिरवली तर साधारण पावणेसहाशे फूट लागेल, म्हणजे तीनशे फुटांच्या आतले दोन फेरे. काँक्रीट ओतण्याआधी नळ्यांत हवा भरून दाब तपासायचा आणि ओतताना दाबाचा काटा लावूनच ठेवायचा. फावड्याने नळी फाटली तर काटा लगेच पडतो आणि ती तिथल्या तिथे जोडता येते. काँक्रीट आवळल्यावर नाही. बॉयलर नंतर बसवायचा असेल तर नळ्यांत पाणी ठेवू नका, तोंडं बंद करून ठेवा. शिवाय नळ्या कुठून गेल्यात याचे मापासकट फोटो काढून ठेवायला सांगा. उद्या कोणी गाडी उचलायची लिफ्ट बसवायला कोब्यात ड्रिल मारील, तेव्हा ते कामी येतील.

त्याहून आधीचा प्रश्न म्हणजे कोबा तडकला का? विनिपेगची माती चिकण, पाणी प्यायली की फुगते, आणि हिवाळ्यात मातीतलं पाणी गोठलं की वरचा कोबा उचलला जातो. खालची माती काढून खडी भरून धुम्मस करणं आणि छपराचं पाणी लांब काढणं कोटेशनात नसेल, तर नवा कोबाही त्याच वाटेने जाईल, आणि या वेळी पोटात नळ्या घेऊन. पैसे पाठवण्याआधी एवढं विचारून घ्या.

बॉयलरचं काय? मुलगा शनिवार-रविवारी तिथे सुतारकाम करतो असं तुम्ही लिहिलंय. तापवलेली जमीन ही रोज वापरणाऱ्याची चैन आहे. काँक्रीटचा एवढा जड थर थंडगार असताना बटण दाबलं तर ऊब यायला दिवस जातो, म्हणून ती हिवाळाभर चालूच ठेवावी लागते. दोन दिवसांच्या कामाला छताला टांगायचा गॅस हीटर बराच स्वस्त पडतो आणि तासाभरात हवा गरम करतो. भिंतींत आणि दारात इन्सुलेशन नसेल तर दोन्ही व्यर्थ. त्याने एक हिवाळा काढावा, मग ठरवावं, आणि तो खर्च त्याने आपल्या पगारातून करावा. घराच्या तारणावर तिकडे क्रेडिट लाइन मिळते. फेडायला त्याच्यापुढे पंचवीस वर्षं आहेत, तुमच्यापुढे नाहीत. बॉयलरच्या कामाचे 12,500 डॉलर, म्हणजे हेच 7 लाख 75 हजार, तुमच्या एफडीत राहिले तर सात टक्क्यांनी वर्षाला 54 हजार व्याज देतात. गुडघ्याचं ऑपरेशन तोंडावर असताना ही रक्कम हातची घालवू नये.

आता आपल्या गोव्याचा मुद्दा, जो पत्रात कुठेच नाही. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर आपल्या कायद्याप्रमाणे तुमची मालमत्ता दोघांची सामाईक आहे. एफडी एकट्या तुमच्या नावावर असली तरी अर्धी काकूंची. त्यांना विचारलंत का? पत्रात सगळीकडे ‘मी’ आहे. दुसरं, मुलांचा वारसाहक्क आपल्याकडे इच्छापत्राने पुसता येत नाही, अर्धा वाटा त्यांच्यासाठी राखीवच असतो, आणि हयातीत एका मुलाला दिलेली मोठी देणगी पुढे इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतल्या वाटणीचं कोर्टातलं काम, निघाली की सहसा हिशेबात धरली जाते. पावणेतीन लाखांवरून मुलगी भावाशी भांडणार नाही, साडेदहावरून कदाचित जावई बोलतील. रक्कम कितीही असो, मुलीला आधी सांगा, आणि ही भेट मुलाच्या वाट्यात धरायची की नाही ते नोटरीकडून लिहून घ्या.

पाठवण्याचं काम सोपं आहे. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेत एका माणसाला आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकन डॉलरपर्यंत पाठवता येतात, तेव्हा मर्यादेची चिंता नको. 1 एप्रिल 2025 पासून वर्षाला 10 लाखांपर्यंत टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक आगाऊ कापते तो कर, लागत नाही. त्यापुढच्या रकमेवर अशा भेटीला 20 टक्के. तुमच्या मूळ बेतात वरच्या 54 हजारांवर 10,800 रुपये कापले गेले असते. ते रिटर्न भरताना वळते होतात, पण तोवर अडकून पडतात. 2 लाख 79 हजारांवर हा प्रश्नच येत नाही. मुलाला दिलेल्या भेटीवर इथे त्याला कर नाही, आणि कॅनडातही रोख भेटीवर कर नाही. बँकेत पॅन, परदेशी पैसे पाठवायचा ए-2 फॉर्म आणि ‘मुलाला भेट’ असं कारण लागेल. डॉलरचा दर सही करण्याआधी विचारा, कारण बँकेचा दर आणि बाजारातला दर यांतला फरकच खरा खर्च असतो.

एफडी एकच मोठी असेल तर ती सगळी मोडू नका. काही बँका भाग काढू देतात. नाहीतर मुदत संपायला थोडेच दिवस राहिले असतील तर मुलाकडून कंत्राटदाराला तेवढे थांबवून घ्या. काम उन्हाळ्यातलं आहे, घाई नाही.