स्टुडिओ ट्रॅक देत नसेल तर उरलेले पैसे देऊ नका

तुम्ही लिहिलंय की नव्या अल्बमची बारा गाणी रेकॉर्ड झाली, मिक्स (सगळे आवाज एकत्र करून केलेलं गाणं) फारच गुळगुळीत आलाय, आणि वेगवेगळे ट्रॅक, म्हणजे प्रत्येक वाद्याचं आणि आवाजाचं स्वतंत्र रेकॉर्डिंग, मागितल्यावर स्टुडिओवाले म्हणतात, 'आमच्याकडे तशी पद्धत नाही.' अर्धे पैसे अजून द्यायचेत. आमच्या पंक बँडला हेच ऐकवलं गेलं होतं, जवळपास ह्याच शब्दांत. म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

गिटारच्या नव्या तारा, ड्रमचे नवे स्किन्स, तालीम हे सगळं तुम्ही केलंच असेल, त्यात शिरत नाही.

आमच्या स्टुडिओचं नाव घेत नाही. बुकिंगच्या वेळी 'सगळं मिळेल' म्हणाले. पूर्ण पैसे पोचल्यावर सूर बदलला. आधी पद्धत नाही, मग दर गाण्यामागे वेगळी रक्कम, आणि शेवटी, 'ती ड्राइव्ह फॉरमॅट झाली.' हातात उरला फक्त स्टीरिओ मिक्स. त्यात ड्रमरच्या स्नेअरच्या (मधल्या कडक आवाजाच्या ड्रमच्या) जागी तयार सॅम्पल, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेला ठोका, चिकटवलेला, प्रत्येक ठोका कॉम्प्युटरच्या ताल-रेषांवर, म्हणजे ग्रिडवर, ओढून बसवलेला. तो मुलगा कोरसमध्ये किंचित पुढे पळायचा, आणि त्या पळण्यातच आमची गाणी होती. तोवर तो नोकरीसाठी बंगळुरूला गेला होता. गाणी पुन्हा रेकॉर्ड केली, दुसऱ्या ड्रमरबरोबर, आणि चांगली झाली. पण त्या वेळी वाजवलेले ते टेक (रेकॉर्डिंग) गेले ते गेलेच. अजून राग येतो.

बरं, ट्रॅक देणं काही अवघड नसतं. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झची मोनो वेव्ह फाइल मिनिटाला साधारण साडेआठ एमबी होते. तीन मिनिटांचं गाणं, वीस ट्रॅक, तर गाण्यामागे अर्धा जीबी. निवडलेले टेक धरले तर अख्खा अल्बम सहा-सात जीबीत, साध्या पेनड्राइव्हवर मावतो. जागा नाही, वेळ नाही, ही कारणं ऐकून घेऊ नका.

मी वकील नाही, बास वाजवते. तेव्हा हे जाणकाराला विचारून घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे त्याचा निर्माता, आणि निर्माता म्हणजे ते करून घेण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारा. भाडं तुम्ही भरताय, गाणी तुमची, वाजवलंय तुम्ही. माइक लावून दिले म्हणून स्टुडिओ निर्माता ठरत नाही, असं माझं मत. हक्क दुसऱ्याच्या नावे करायचा तर कलम १९ प्रमाणे सही केलेला लेखी करार लागतो. तसा कागद तुम्ही सही केलेला नाही ना, हे आधी तपासा. पण हक्क तुमचा असला तरी ड्राइव्ह त्यांच्या कपाटात आहे, म्हणून उरलेले पैसे हेच तुमचं बळ. फोनवर बोलू नका, ईमेल करा: सगळे कच्चे ट्रॅक, गाण्याच्या सुरुवातीपासून एकसारख्या लांबीचे, इफेक्टशिवाय, गिटारचा डीआय (अँप्लिफायरशिवाय थेट घेतलेला आवाज) असेल तर तोही. ते मिळाले की त्याच दिवशी पैसे.

मोठ्यांनाही ह्यातून सुटका नाही. अमेरिकन पंक बँड ग्रीन डेने २००३ मध्ये केलेल्या अल्बमच्या मास्टर टेप (मूळ रेकॉर्डिंग) चोरीला गेल्याचं सांगितलं, आणि त्यांनी नव्याने सुरुवात करून २००४ मध्ये 'अमेरिकन इडियट' काढला. त्यांच्यामागे मोठी कंपनी होती. आपल्यामागे चौघांचे पगार असतात.

मिक्सबद्दल माझं मत टोकाचं आहे, पटलं नाही तर सोडून द्या. अमेरिकन पंक बँड रामोन्सचा पहिला अल्बम १९७६ मध्ये साधारण आठवड्याभरात, ६,४०० डॉलरच्या आसपास झाला. बास एका स्पीकरमध्ये, गिटार दुसऱ्यात, आणि आजही तो कानावर आदळतो. पंकमध्ये चौघांनी एका खोलीत एकत्र वाजवावं, गायकाचा आवाज तेवढा नंतर घ्यावा, तोही घसा ताजा असताना. ड्रमला सॅम्पल लावायचेच असतील तर मूळ स्नेअरच्या खाली, त्याच्या जागी नाही.

आणि ड्राइव्ह घ्यायला दोघं जा, लॅपटॉप घेऊन. तिथेच बसून प्रत्येक गाणं उघडा, सगळे ट्रॅक एकत्र सुरू होतात का ऐका, टेम्पो (गाण्याची गती) लिहून घ्या. घरी आल्यावर दोन प्रती करा, एक बँडमधल्या दुसऱ्या कुणाच्या घरी ठेवा. स्टुडिओने काही वेगळंच उत्तर दिलं तर इथे लिहा, ईमेलचा मसुदा आपण मिळून करू.